नव्या घडीच्या चाकूला धार धरत नाही, म्हणे!

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: आजोबांच्या बंडीच्या खिशात असायचा तो लोखंडी चाकूच खरा. हल्ली त्याच घाटाचे, पण स्क्रू लावलेले जे नवे घडीचे चाकू येतात ते नुसते शोभेचे. स्टेनलेसला धार धरत नाही. पातं लगेच हलायला लागतं. धार गेली की ग्राइंडरवर धरा, नाहीतर फेकून द्या. घरात पोरं असतील तर बोथटच बरा. आणि खिशात सापडला तर पोलीस आत टाकतील. खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'. याची कन्नड आवृत्तीही आलीय, म्हणजे एका विषयावर तरी सीमाभागात एकमत झालं म्हणायचं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूमला, म्हणजे कारखान्याची हत्यारं घडवणाऱ्या खात्यात आहे आणि दोन्ही जातीचे चाकू वापरतो. त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

'स्टेनलेसला धार धरत नाही.' हा समज ताटवाट्यांवरून आलाय. चांगल्या ताटाच्या स्टेनलेसमध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन नावापुरता. ते कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. चाकूचं स्टेनलेस निराळं. त्यात निकेल जवळजवळ नसतं, क्रोमियम १३-१४ टक्के आणि कार्बन बहुधा अर्ध्या टक्क्याच्या वर. हे पोलाद पाणी घेतं, म्हणजे तापवून बुडवलं की कडक होतं. शिवाय मध्यम किमतीच्या नव्या चाकवांत आता सर्रास डी-टू नावाचं पोलाद येतं: दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. प्रेसचे पंच आणि डाय आम्ही याचेच करतो. दिवसभर पत्रा कापणारं पोलाद कांद्यापुढं हात टेकेल का?

मग लोकांना धार का लागत नाही? दगड चुकतो म्हणून. क्रोमियमचे कार्बाइड, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन मिळून पोलादात झालेले कण, फार कडक असतात. परसातल्या दगडावर किंवा पायरीच्या कडेवर ते घासले जात नाहीत, दगडच गुळगुळीत होतो. आजोबांच्या चाकूचं साधं कार्बन पोलाद तिथंही झटक्यात पाजवलं जातं आणि त्याची धार अगदी बारीक येते. हा त्याचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण नव्या पात्याला कार्बोरंडमचा (धार लावायचा कृत्रिम) दगड किंवा हिऱ्याची पट्टी लागते, आणि हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड काही ऐपतीबाहेरचा नाही.

गंजाचं म्हणाल तर खानापूरच्या पावसात आजोबांचाच चाकू आधी तांबडा होतो. कैरी-लिंबू कापून त्यावर काळपट छटा येते ती राहू द्या, ती गंज नव्हे. तांबडं दिसलं तर मात्र पुसा. डी-टूसुद्धा गंजतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकलेलं असतं. फणस चिरायचा असेल तर पात्याला आधी तेल लावा, हे मी खानापूरवाल्यांना काय सांगणार!

आता ग्राइंडर. सगळ्या मेसेजमध्ये नुकसान करणारं वाक्य हेच आहे.

बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो. धारेची कड कागदासारखी पातळ. तिथं उष्णता शोषून घ्यायला धातूच नसतो, त्यामुळे पातं हाताला गार लागत असतानाच कड भाजून निघालेली असते. साध्या कार्बन पोलादावर २२०-२३० अंशांना पिवळसर छटा येते आणि ३०० च्या जवळ निळी. चाकूचं पातं पाणी दिल्यावर बहुधा २०० च्या आसपास शेकून ठेवलेलं असतं. म्हणजे कड निळी दिसली की तिथलं पाणी उतरलं. मग लगेच बादलीत बुडवून उपयोग नाही. गेलेला कडकपणा तसा परत येत नाही, तेवढी कड हळूहळू घासून काढून टाकावी लागते. 'धार लावून आणली आणि चार दिवसांत गेली' ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा रंग बघतो. त्यात ग्राइंडरवाला टोकाशी जास्त दाबतो, मुठीकडं कमी, आणि दोन-तीन वेळात पात्याचा घाटच बिघडतो. पूर्वी गल्लीत पायानं चाक फिरवून धार लावणारे यायचे, त्यांचं चाक सावकाश फिरायचं. त्यांची आणि बेंच ग्राइंडरची तुलना नको.

घरी लावायची पद्धत अवघड नाही. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. वरून पाणी घाला. धारेच्या दोन्ही उतारांना मार्कर पेननं रंग द्या. पातं दगडावर आडवं टेकवून पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड, थोडी उचला. पातं दोन सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ अर्धा सेंटीमीटर वर आली की साधारण १५ अंशांचा कोन होतो, पाऊण सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी आली की २० अंशांचा. आंबा-पेरू, दोरी, पिशवी एवढ्यालाच चाकू असेल तर १५ पुरे. बांबू तासणार असाल तर २० ठेवा. चार-पाच वेळा ओढून मार्करचा रंग कुठून गेला ते बघा. फक्त वरचा गेला तर पाठ उचला, फक्त कडेचा गेला तर खाली आणा. कोन सापडला की तो सोडायचा नाही. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या नखाला बारीक बर, म्हणजे कडेवर वळलेली धातूची कोर, लागेपर्यंत, टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत. मग बाजू बदला. पुन्हा तेच, नंतर दगडाची बारीक बाजू, आणि दाब कमी कमी करत आणा. बर पूर्ण निघाली नाही तर चाकू पहिल्या दिवशी कागद कापतो आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोवर घसरतो. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेनं, म्हणजे पाठ पुढं ठेवून, ओढा. एवढंच.

'पातं हलतं म्हणजे माल खराब.' उलट आहे. आजोबांच्या चाकूचं पातं रिव्हेटवर असायचं. ते ढिलं झालं की लोहाराकडं जाऊन रिव्हेटला ठोके, आणि एक ठोका जास्त पडला की चाकू उघडताना नख तुटायचं. नव्या चाकूत तिथं स्क्रू दिलाय तो तुम्ही स्वतः बसवून घ्यावा म्हणूनच. स्क्रूचं डोकं बहुधा सहा टोकांच्या चांदणीचं असतं. त्याच मापाचा बिट आणा, घरातला चपटा स्क्रूड्रायव्हर कोंबू नका. पातं डावं-उजवं हलायचं थांबेपर्यंत आवळा, मग किंचित सैल करा. गच्च आवळलात तर आतले वॉशर चेपतात आणि पातं मिटताना एका बाजूला घासतं. स्क्रू आपोआप सुटत असेल तर आट्यांना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) जेमतेम थेंब. सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब. खोबरेल नको, बेळगावच्या थंडीत ते थिजतं. करडईचं तर मुळीच नको, ते वाळून चिकट होतं.

'शोभेचे' हा शब्दही जाता जाता बघू. फ्रान्सच्या सावोय भागात जोझेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू १८९० मध्ये केला, तो डोंगरातल्या शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या खिशासाठी. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये म्हणून त्यावर फिरती कडी आली १९५५ मध्ये. आज 'नवं' म्हणून हिणवतात त्यातलं पुष्कळसं असंच कुणाची तरी बोटं वाचवायला आलंय. अशा लाकडी मुठीची एक खोड मात्र आहे: आपल्या पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं उघडेनासं होतं. दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, सुटतं. सांध्याच्या खाचेत मेण लावलंत तर आणखी बरं.

बोथट चाकू सुरक्षित, हे विळीवर बसणाऱ्या कोणत्याही बाईला सांगून बघा. बोथटाला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला की थांबत नाही. पोरांपासून लांब ठेवायचा तो धारदार असो वा बोथट.

राहिले पोलीस. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, आणि त्यातूनही घरकाम, शेती, शास्त्रीय व कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या वगळल्या आहेत. तीन इंची पात्याचा फळं कापायचा चाकू त्यात कुठं बसतो? बटण दाबताच पातं बाहेर येणारे खटक्याचे चाकू वेगळे, त्यांच्या वाटेला जाऊच नका. तसंच जमावबंदीचा आदेश निघाला की त्यात सहसा हत्यारं बाळगायला मनाई असते. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, आसपास काय वातावरण असतं ते इथल्या माणसाला माहीत आहे. त्या दिवसांत मोर्चाला किंवा सभेला जाताना चाकू घरी ठेवा, उगीच पेरू कापायचा चाकू पंचनाम्यात नको. आणि सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळावरून विमानानं जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.