सर्व्हिसिंगनंतर आकडे का वाढले: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आपण एक तारा देऊन लिहिलंत की हवेतली धूळ मोजणाऱ्या आपल्या यंत्राच्या सर्व्हिसिंगनंतर पीएम २.५ चे (साधारण २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचे) आकडे वाढले, यंत्र तीन दिवस नुसतं फिल्टर लावून ठेवलं, आणि आमच्या तंत्रज्ञानं किरणस्रोत उघडायला व आपण आणलेलं स्वस्त इनलेट (हवा आत घेणारं तोंड) बसवायला नकार दिला. हे सगळं खरं आहे. त्यामागची कारणं इथेच सांगतो, म्हणजे असं यंत्र वापरणाऱ्या इतरांनाही ती वाचता येतील.

आधी आकड्यांबद्दल. आपल्या यंत्रात हवा फिल्टरच्या टेपमधून ओढली जाते, टेपवर धूळ साचते आणि तिथून किरणस्रोताचे बीटा किरण किती कमी पार होतात त्यावरून धुळीचं वजन निघतं. हवा टेपवर सोडणारं नोझल टेपवर टेकतं तिथे टेपचा चुरा चिकटून फट राहिली होती. त्या फटीतून बाजूची हवा आत शिरत होती. फ्लो सेन्सर टेपच्या पलीकडे, पंपाच्या बाजूला असल्यामुळे त्याला मिनिटाला १६.७ लिटर हवा पुरेपूर दिसत होती, म्हणून एररही आला नाही. अशी गळती लीक टेस्टशिवाय सापडत नाही. नोझल साफ झाल्यावर सगळी हवा इनलेटमधूनच येऊ लागली आणि आकडा वर गेला. सर्व्हिसिंगच्या आधीचे कमी आकडे कृपया अहवालात वापरू नका. त्याच हवेत माणसं श्वास घेत आहेत.

ते तीन दिवस शून्य चाचणीचे होते. हेपा फिल्टरमधून धूळविरहित हवा देऊन यंत्र किमान ७२ तास चालवावं लागतं. एकेका तासाचा आकडा वरखाली होतो, कधी उणेही येतो. बऱ्याच तासांची सरासरी घेतली तरच शून्य नीट ठरतं. ते चुकलं तर पुढचं प्रत्येक मापन तेवढ्यानं सरकतं.

किरणस्रोत सीलबंद कार्बन-१४ चा आहे. त्याचं अर्धायुष्य (किरण निम्मे होण्याचा काळ) सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे तो 'कमजोर झाला' म्हणून उघडण्याचा प्रश्नच येत नाही. बंद असताना त्याच्यापासून धोका नाही. सील फुटून त्याचे कण श्वासावाटे शरीरात गेले तर मात्र धोका आहे, आणि आमच्या माणसांना मी तो उघडू देणार नाही.

इनलेटबाबत माझा नकार आजही कायम आहे. अमेरिकेची समतुल्य पद्धतीची मान्यता असो की युरोपचं ईएन १६४५० मानक, यंत्राची चाचणी फिल्टरवर साचलेल्या धुळीचं वजन करण्याच्या पद्धतीशेजारी ठेवून होते आणि मान्यता मिळते ती चाचणीत होत्या त्या जोडणीला, फर्मवेअरसकट (यंत्रातल्या सॉफ्टवेअरसकट). इनलेटमधला पीएम २.५ सायक्लोन (हवा गरगर फिरवून मोठे कण वेगळे करणारा भाग) ठरलेल्या फ्लोला २.५ मायक्रॉनचे निम्मे कण अडवतो. त्याचा आकार बदलला की कणांची ही निवडच बदलते, मग वर मान्यतेचं लेबल असून काय उपयोग?

लीक टेस्टचे आधीचे-नंतरचे आकडे आपल्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये आहेत. शंका असेल तर आपला कॅलिब्रेट केलेला फ्लोमीटर घेऊन या. तीच चाचणी आपल्यासमोर पुन्हा करू.