पोळ्याच्या रात्री कापूस कुठून आला?

ज्या लेखकांची प्रत्येक रहस्यकादंबरी मी गेली बावीस वर्षे विकत घेऊन वाचली आणि ज्यांची पुस्तके आमच्या गावच्या वाचनालयात यावीत म्हणून मी दरवर्षी समितीशी वाद घातला, त्यांच्याच नव्या कादंबरीने मला इतके चिडवले आहे की दोन दिवस झाले तरी मन शांत होत नाही. पुस्तक तालुक्याला मिळाले नाही म्हणून नागपूरहून टपालाने मागवले. पैसे गेले त्याचे दुःख नाही. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीच येते. त्या जागरणाच्या तीन रात्री मी मोटारीजवळच्या खोपडीत, बॅटरीच्या उजेडात, मोठ्या आशेने ही साडेतीनशे पाने वाचली, याचे दुःख आहे.

कथा आमच्याच भागात, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात घडते, हे मलपृष्ठावर वाचून मला केवढा आनंद झाला होता! पोळ्याच्या रात्री सावकाराचा खून होतो. पोलीस सारे घर धुंडाळतात, पण मृतदेह सापडत नाही, कारण तो माजघरात आढ्यापर्यंत भरलेल्या, ‘नुकत्याच वेचलेल्या’ कापसाखाली दडवलेला असतो. सगळे रहस्य या एका गोष्टीवर उभे आहे. दुपारी मी आईला हे प्रकरण वाचून दाखवत होतो. तिने मला तिथेच थांबवले आणि विचारले, “पोयाले कापूस कोठून आला रे बापू?”

आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईला जे एका वाक्यात दिसले, ते लेखकांना, संपादकांना आणि मुद्रितशोधकांना दिसू नये? पोळा श्रावण अमावास्येला असतो. मृगाच्या पावसावर पेरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तेव्हा पात्या-फुलांवर असते, फार तर हिरवी बोंडे धरलेली असतात. वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, आणि आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, केल्याशिवाय पहिल्या वेच्याला कोणी हात लावत नाही. ओलिताखाली मे महिन्यातच लावलेल्या कापसाची चार बोंडे लवकर फुटतीलही, पण त्यांनी खोली भरत नाही. भाव पडल्यामुळे मागच्या वर्षीचा कापूस घरात राहिला असेल, असे कोणी म्हणेल. तसे खरोखर घडते, आणि लेखकांनी एवढे एक वाक्य लिहिले असते तरी मी गप्प बसलो असतो. त्यांनी मात्र ‘नुकताच वेचलेला’ हे शब्द तीन ठिकाणी वापरले आहेत. पोळा, तान्हा पोळा, बैलांच्या झुली, दारची तोरणे यांची पानेच्या पाने वर्णने आहेत. शेतात त्या दिवसांत काय उभे असते, हे एखाद्या शेतकऱ्याला विचारायला मात्र त्यांना सवड झाली नाही.

एवढ्यावरही भागले असते. पण शेवटच्या वीस पानांत खुनी म्हणून कोण उभा राहतो, तर सावकाराच्या मुनिमाचा जुळा भाऊ, ज्याचा त्याआधी अवाक्षरानेही उल्लेख नाही! रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहून ठेवले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा, जुळी भावंडे पूर्वसूचनेशिवाय आणू नयेत, आणि तपास करणाऱ्याला मिळालेला धागा वाचकालाही तत्काळ दाखवावा, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. इथे हे तिन्ही नियम मोडले आहेत. निरीक्षकाच्या खिशात सुरुवातीपासून एक चिठ्ठी असते, आणि तिच्यातला मजकूर आपल्याला कळतो तो थेट ३३१व्या पानावर.

याच लेखकांच्या जुन्या कादंबऱ्या संपवल्यावर मी पुन्हा मागे जात असे, आणि तो धागा तिथे उघड्यावर पडलेला सापडे. तेव्हा आपण फसलो याचाच आनंद होई. ते सौजन्य त्यांनी स्वतःच शिकवले आणि स्वतःच सोडून दिले. आता वाटते की खेड्यातल्या वाचकाला काही कळत नाही, असेच त्यांनी धरून चालले असावे, आणि हा अपमान मला जुळ्या भावापेक्षाही जास्त लागला आहे.

वाचनालयाच्या यंदाच्या खरेदीच्या यादीत या पुस्तकाचे नाव मीच लिहवले होते. काल संध्याकाळी जाऊन ते माझ्या हाताने खोडून आलो.