गुजरी म्हणजे नक्की कोणती हो?

ग्वाल्हेरात राहून राग शोधायला फोनवर नुसतं 'गुजरी' टाकायची सोय नाही! आधी किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल, मग राजा मानसिंह तोमर, त्याची राणी मृगनयनी, म्युझियमचं तिकीट, (अगं बघितलंय मी ते, शाळेपासून प्रत्येक पाहुण्याला तिथेच तर नेतेय) मग जम्मू-काश्मीरच्या गुज्जरांची बोली, मग कोल्हापूरची सराफांची गुजरी आणि तिच्यामागे दिवसभर सोन्याच्या भावाच्या जाहिराती. अरे मला पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, वर्ज्य असलेली तोडी ऐकायचीय रे बाबा! बरं 'गुजरी तोडी' पूर्ण लिहावं तर कोणीतरी साधी मियाँ की तोडी त्याच नावाने चढवून ठेवलेली, पंचम चांगला ठणठणीत लागतोय आणि खाली लोक 'वाह, क्या गुजरी है'. कोल्हापूरच्या मावशीला सांगितलं गुजरी शिकतेय, तर म्हणे पाटल्या घडवायला शिकतेस की काय!