नुसती कीर्द लिहून हिशेब लागत नाही

बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा सल्ला वरचेवर येतो: ‘पहाटे उठल्या उठल्या हाताने तीन पानं लिहा. मनात येईल ते, न थांबता. परत वाचू नका. २१ दिवस खंड पाडू नका. मन लगेच निवळेल.’

‘परत वाचू नका’ हे यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. मांडवीतल्या एखाद्या जुन्या पेढीवर विचारा. रोजमेळ, म्हणजेच कीर्द, ही रोजच्या जमाखर्चाची वही. ती कितीही नेटकी असो, कुणाकडून किती येणं आहे ते तिच्यावरून कळत नाही. त्यातल्या नोंदी खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवाव्या लागतात. कीर्द-खतावणी हा जोडशब्द उगाच नाही झाला. डायरी ही नुसती कीर्द. म्हणून वह्या दोन घ्या. पहिलीत रोजचं कच्चं लिहा. दुसरीत तीन रकाने आखा आणि सातव्या दिवशी पहिली वाचून भरा: काय घडलं, मी त्याचा काय अर्थ लावला, मग मी काय केलं. पहिल्या दोन रकान्यांतच बहुतेकांची गल्लत होते. ‘वहिनींनी मुद्दाम फोन उचलला नाही’ यात घडलं ते एवढंच, की फोन उचलला गेला नाही. ‘मुद्दाम’ दुसऱ्या रकान्यात. महिन्याभरात हाच ‘मुद्दाम’ पाच माणसांच्या नावापुढे दिसला, तर ते खातं त्यांचं नाही, आपलं आहे.

आता ‘मनात येईल ते’ आणि ‘लगेच निवळेल’. मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं लिहिलं. फायदा दिसला तो आयुष्यातली क्लेशदायक घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही मांडणाऱ्यांना: पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून उठताना त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. तेव्हा पहिल्या दिवशी जड वाटलं म्हणून वही बंद करू नका. तेच वाक्य तिसऱ्या दिवशीही तसंच उतरलं, तर मात्र थांबा; ते लिहिणं नव्हे, रवंथ आहे. ‘माझ्याच वाट्याला का?’ खोडा आणि केव्हा, कुठे, कोण नेमकं काय म्हणालं ते लिहा. तरी अडलात तर ‘मी’च्या जागी स्वतःचं नाव घालून पाहा. घाव अगदी ताजा असेल, तर काही आठवडे जाऊ द्या.

बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत उतरवा. साहेब गुजरातीत ‘तमने खबर नथी पडती’ (तुम्हाला कळत नाही) म्हणाले असतील तर तसंच लिहा. मराठी करताना त्यातला टोमणा आपण नकळत वाढवतो किंवा बोथट करतो.

२१ दिवसांचं म्हणाल, तर सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात रोजच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. पहाटेचंही काही खरं नाही. दूध, डबा आणि पाण्याची वेळ यांतून ज्यांना रात्रीच बसता येतं, त्यांनी रात्री बसावं.

घरात कुणी वाचेल ही धास्ती असली की माणूस आपोआप वाचणाऱ्यासाठी लिहू लागतो. मग पहिली वही दर आठवड्याला फाडून टाका, दुसरी तेवढी ठेवा.