एकाच शाफ्टवर सगळा संसार

आज पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये साग बघायला गेलो असता जवळच्या एका मशिनरीच्या दुकानात ओळखीचा तरुण सुतार भेटला. कारागिरांसाठीच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतून पाच टक्के व्याजाचे पहिले १ लाखाचे कर्ज त्याला मंजूर झाले आहे, आणि दुकानदार रंधा, थिकनेस (लाकूड एकसारख्या जाडीवर आणणारे यंत्र), करवत व ड्रिल असे सगळे एकत्र असलेले मशीन त्याच्या गळ्यात मारत होता. "काका, एकाच पैशात सगळे येते," असे तो मोठ्या उमेदीने सांगू लागला, तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

माझ्या मामांच्या कारखान्यात असेच मशीन होते. एकदा कपाटाची सागवानी दारे चालू होती. सगळ्या पट्ट्या फाडून, थिकनेसवर २२ मिलिमीटरला आणून आम्ही खाचा पाडायला ड्रिल चढवले, आणि एका आडव्या पट्टीत आतली चीर उघडी पडली. हवी होती एकच नवी पट्टी. पण तिच्यासाठी ड्रिल उतरवा, करवतीचे पाते चढवा, गाइड (लाकूड सरळ सरकवायचा आधार) पुन्हा गुण्यात, म्हणजे काटकोनात आणा, पट्टी फाडा, मग थिकनेसचा टेबल परत त्याच आकड्यावर न्या, हे सगळे आले. आकडा तोच दिसत होता, तरी पट्टी केसभर जाड निघाली. सांध्यावरून बोट फिरवले की पायरी लागत होती, आणि मामा हातरंधा घेऊन रात्री उशिरापर्यंत ती उतरवत बसले होते.

दुकानदार हे सांगत नाही. स्वस्तातल्या मशीनमध्ये करवतीचे पाते रंध्याच्याच शाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, टोकाला बसवलेले असते, हेही तो सांगत नाही. म्हणजे एका बाजूला तुम्ही फळी रंधत असता आणि दुसऱ्या बाजूला, न उतरवलेले पाते त्याच वेगाने उघडे फिरत असते. रंध्याच्या लहान ब्लॉकला (पाती बसवलेल्या गोल तुकड्याला) जो वेग लागतो तोच मोठ्या पात्याला दिला, तर कडेचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. ड्रिलही त्याच फेऱ्यांवर फिरते आणि सागाला जळके भोक पाडते. सुताराची बोटे हीच त्याची इस्टेट असते, आणि "सगळे एकात" म्हणून तीच पणाला लावायची? याचा मला मनापासून संताप येतो.

जागेचा मुद्दा मान्य आहे. दहा बाय बाराच्या खोलीत चार यंत्रे मावत नाहीत. फेल्डरसारख्या ऑस्ट्रियन कंपनीच्या मोठ्या एकत्रित मशीनमध्ये करवतीला आणि रंध्याला स्वतंत्र मोटारी असतात व ती उत्तम काम देतात, हेही खरे. पण ती या मुलाच्या कर्जात बसणारी नाहीत.

आणि या मुलाचे काम तरी काय आहे? फ्लॅटमध्ये जाऊन प्लायवूडचे वॉर्डरोब आणि किचनच्या ट्रॉल्या करणे. आठ बाय चारचा प्लाय त्या मशीनच्या अरुंद टेबलावर ठरत नाही, आणि ते जड मशीन तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. त्याला हवी आहे गाइडवर चालणारी हातातली चांगली सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत), एक राउटर (लाकडात खाचा व कडा कोरणारे हातयंत्र), एक ड्रिल आणि जमल्यास छोटा टेबल सॉ (टेबलात पाते बसवलेली करवत). सागाचे काम वाढले की थिकनेस प्लॅनर पुढच्या वर्षी घेता येतो. एक यंत्र बिघडले तर बाकीची चालू राहतात. त्या एकत्रित मशीनची मोटार जळाली की सगळेच काम बंद, आणि १८ महिन्यांचा हप्ता मात्र चालूच.

दुकानदारालाही पोट आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण मामांची ती रात्र आठवली की या मुलाला गप्प बसून सही करू देणे मला शक्य नाही. त्याने अजून विसार दिलेला नाही. आपल्यापैकी कोणाकडे चांगल्या स्थितीतला, गार्डसकट (पात्यावरच्या संरक्षक झाकणासकट) जुना टेबल सॉ विकायचा असेल, तर कृपया मला आजच कळवावे.