केमो बंद करायला सांगणारा तो मेसेज

‘आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलने कॅन्सर मुळापासून बरा करणारं इंजेक्शन काढलं आहे. कोणताही कॅन्सर, कोणतीही स्टेज. साइड इफेक्ट शून्य. गरिबांना मोफत. मात्र केमो घेतलेल्यांना ते लागू पडत नाही, म्हणून केमो ताबडतोब थांबवा.’ खाली एक मोबाइल नंबर. हा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवरून माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला ब्रेस्ट कॅन्सर आहे, आणि तो वाचून तिने पुढची केमो लांबणीवर टाकली. त्यामुळे फार गोड शब्दांत लिहिणं मला जमणार नाही.

आधी केमोचं बघू, कारण जीव घेणारं वाक्य तेच आहे. मेसेजमधलं ‘इंजेक्शन’ म्हणजे कार-टी उपचार. पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मशीनवर वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक घालायचं, लॅबमध्ये त्या वाढवायच्या आणि सलाइनसारख्या शिरेतून परत द्यायच्या. पण त्या परत देण्याआधी दोन-तीन दिवस काय देतात? केमोच! फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फामाइड. अंगातल्या आधीच्या लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटातल्या, त्या पांढऱ्या पेशी) कमी केल्याशिवाय नव्या पेशी अंगात नीट वाढत नाहीत. मावशीच्या फाइलमध्ये केमोच्या कागदावर ‘एसी’ लिहिलंय, त्यातला ‘सी’ म्हणजे हेच सायक्लोफॉस्फामाइड. जे औषध या उपचाराचाच भाग आहे, ते घेतलं तर उपचार लागू पडत नाही, असं लिहिणाऱ्याने एकदा तरी चौकशी केली होती का? शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे नेक्सकार-१९ ला, म्हणजे आयआयटी-टाटाच्या याच कार-टी उपचाराला, परवानगी मिळाली ती आधीचे उपचार घेऊनही ज्यांचा आजार उलटला किंवा हटलाच नाही, अशांसाठी. म्हणजे त्यातले पेशंट केमो घेऊन आलेलेच असतात.

‘कोणताही कॅन्सर’ हेही खोटं. नेक्सकार-१९ च्या पेशी सीडी-१९ नावाची खूण शोधतात. ती खूण रक्तातल्या बी पेशींवर असते, म्हणून हा उपचार बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कॅन्सरसाठी आहे. त्यात चांगल्या बी पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो. त्यांच्यामुळे तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, बाहेरून देता येतं. स्तनाच्या गाठीवर सीडी-१९ नसतेच. मग गाठीवरची दुसरी खूण का धरत नाहीत? धरून पाहिली आहे. अमेरिकेत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका पेशंटला हर-टू ही खूण ओळखणाऱ्या कार-टी पेशी दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांत मृत्यू झाला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही थोडी हर-टू असते, आणि कार-टी पेशींनी बहुधा तिथेच हल्ला चढवला. हे २०१० मध्ये छापून आलंय. मावशीचा रिपोर्टही हर-टू पॉझिटिव्ह आहे. त्यावर ट्रास्टुझुमॅब हे सिद्ध झालेलं औषध आहे आणि ते तिच्या केमोबरोबरच चालू व्हायचं आहे. मेसेज तिला नेमकं तेच सोडायला सांगतोय. अशा घन गाठींच्या कॅन्सरवर संशोधन जोरात चालू आहे, अमेरिकेत २०२४ मध्ये सार्कोमा या गाठीच्या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकारासाठी बदललेल्या टी पेशींना मान्यताही मिळाली. पण मावशीला आज द्यावं असं त्यात काही नाही.

साइड इफेक्ट शून्य म्हणे! पेशी दिल्यावर सडकून ताप येऊ शकतो, बीपी कोसळू शकतं, त्यासाठी टोसिलिझुमॅब हे ती प्रतिक्रिया शमवणारं औषध हाताशी ठेवावं लागतं. मेंदूवर परिणाम होतोय का हे कळावं म्हणून पेशंटकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, शंभरापासून दहा-दहाने उलटे आकडे म्हणवून घेतात. काल सरळ लिहिणाऱ्याचं अक्षर आज वेडंवाकडं झालं की डॉक्टर धावतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने कार-टी औषधांवर टी पेशींच्याच नव्या कॅन्सरबद्दल इशारा छापायला लावला. तोवर २७,००० हून जास्त डोस दिले गेले होते आणि असे २२ रुग्ण आढळले होते. प्रमाण कमी आहे, शून्य नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करायला हवं. हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवला, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला, आणि याचा अभिमान मलाही आहे. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त त्याच्या चाचणीचे निकाल आले: तपासता आलेल्या ५१ पेशंटपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. बाकी सगळे उपचार थकल्यावर ७३ टक्के म्हणजे फार मोठी गोष्ट. पण गुण येणं म्हणजे मुळापासून बरं होणं नव्हे. काहींच्या कॅन्सरपेशी सीडी-१९ ची खूणच टाकून देतात आणि आजार परततो.

मोफतही नाही. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारं औषध इथे ३०-४० लाखांच्या घरात आलं, एवढंच त्यातलं सत्य. आणि त्या मोबाइल नंबरवर नोंदणी-बिंदणी काही होत नसते. कार-टी पेशंटला बसेल की नाही हे हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, बायोप्सी आणि बोन मॅरोचे (अस्थिमज्जेचे) रिपोर्ट बघून ठरवतात. त्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका, आणि ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच माणसांना, तो चुकीचा असल्याचं आजच कळवावं. कुणीतरी अजून केमोची तारीख पुढे ढकलत असेल.