ऑनलाइन किराणा स्वस्तच पडतो? आधी बिल तर खालपर्यंत वाचा

सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर हल्ली एकच सूर ऐकू येतो. किराणा ऑनलाइन मागवणं सगळ्याच बाबतीत सरस, असा. माल स्वस्त पडतो, वेळ आणि पेट्रोल वाचतं, भाजी थेट शेतातून येते म्हणून ताजी, मापात पाप नाही, लागेल तेवढंच मागवतो म्हणून उधळपट्टी नाही, आणि काही खराब निघालं तर पैसे परत. एवढं सगळं असताना पिशवी घेऊन वाण्याकडे जाणारे म्हणजे सवयीचे गुलाम!

यातल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. बाकीच्यांचं काय ते पाहू. मी बोलतेय ते पुण्या-मुंबईतल्या, दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात आणणाऱ्या ॲप्सबद्दल.

माल स्वस्त पडतो

काही माल पडतो, हे आधीच मान्य करते. शाम्पू, डिटर्जंट, डायपर, बिस्किटांचे मोठे पुडे अशा कंपनीच्या मालावर ॲपवाले जी सूट देतात ती गल्लीतल्या दुकानदाराला परवडत नाही. वितरकांच्या देशव्यापी संघटनेने 2024 मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली ती याच सवलतींबद्दल. पण शाम्पू म्हणजे किराणा नव्हे. महिन्याच्या यादीत खरा पैसा जातो तो गहू, तांदूळ, डाळी, तेल, साखर, शेंगदाणे, पोहे आणि रव्यात. आणि तिथे हिशेब फिरतो.

एक कारण कराचं. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्यावर, डाळींवर आणि पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या तूरडाळीवर तो नाही. ॲपवर डाळ सुटी मिळत नाही, ती पाकिटातच येते. म्हणजे डाळीबरोबर पॅकिंगचेही पैसे द्या, ब्रँडचेही द्या आणि वर करही भरा. वाण्याकडून पाकीट घेतलंत तर तिथेही कर चुकत नाही, पण त्याच्याकडे निदान शेजारी उघडं पोतं असतं. शिवाय खसखस, जायफळ, वेलदोडे यांसारखी महागडी चीज तो दहा-वीस रुपयांचीही देतो. लाडवांपुरती खसखस हवी असताना शंभर ग्रॅमचं पाकीट घेणं हे स्वस्तात कसं बसतं?

दुसरं कारण पाकिटाच्या वजनाचं. चहा, बिस्किटं, तेल अशा अनेक वस्तू पूर्वी ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं. ते पाकीटबंद मालाच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने गेलं. त्यामुळे अर्धा किलोचं पाकीट गुपचूप 450 ग्रॅमचं झालं तरी कायदा आड येत नाही. त्या बदल्यात ग्राहकाच्या हाती एक गोष्ट आली: पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापण्याची सक्ती. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात तो सापडतो. मोबाइलवर मात्र डोळ्यांत भरते ती हिरवी पट्टी. समजा स्क्रीनवर 450 ग्रॅमचं पाकीट आहे, 80 रुपये खोडून 72 लिहिलेत आणि वर ‘10 टक्के सूट’. दुकानात त्याच मालाचं 500 ग्रॅमचं पाकीट 78 ला, सूट काहीच नाही. गुणाकार-भागाकार करून बघा: सवलतवालं ग्रॅममागे 16 पैशांना पडलं आणि बिनसवलतीचं 15.6 पैशांना. फरक किरकोळ आहे, पण स्क्रीनने दाखवला त्याच्या बरोबर उलट.

तिसरं कारण बिलाच्या तळाशी असतं. दूध, ब्रेड, कोथिंबीर धरून 110 रुपयांची ऑर्डर झाली असं समजू. शेवटच्या पानावर डिलिव्हरी, हँडलिंग चार्ज, ऑर्डर लहान म्हणून स्मॉल कार्ट चार्ज, पावसाळ्यात त्यावर रेन फी. हे सगळं मिळून अवघे 30 रुपये धरले तरी माल 27 टक्क्यांनी महागला. एमआरपीच्या वर वस्तू विकता येत नाही हे खरं, पण पोहोचवण्याचे पैसे वेगळे लावायला आडकाठी नाही. यातली गंमत सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलानंतरची आहे. अंगाच्या साबणावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तोच साबण ॲपवरून घरी आणून देण्याच्या शुल्कावर मात्र 18 टक्के.

‘आमच्याकडे मेंबरशिप आहे, डिलिव्हरी फुकट’ असं कुणी म्हणेल. मेंबरशिपचे पैसे कुणी दिले?

लागेल तेवढंच मागवतो, उधळपट्टी होत नाही

हा दावा वाचून मला हसू आवरलं नाही. अमुक रुपयांची खरेदी केली की डिलिव्हरी माफ, आणि टोपलीत त्याला 43 रुपये कमी. मग खाली ओळीने मांडून ठेवलेल्या वस्तूंतून चिप्सचा पुडा उचलला जातो. सव्वीस रुपयांची फी वाचवायला पन्नास रुपयांचे चिप्स! दुकानातही गल्ल्यापाशी चॉकलेटची बरणी असते, नाही असं नाही. पण वाणी तुम्ही निघालात की परत हाक मारत नाही. ॲप रात्री साडेदहाला ‘काहीतरी गोड खावंसं वाटतंय का?’ असं विचारतं.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं जारी केली आणि ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीचे 13 प्रकार नावानिशी सांगितले. शेवटच्या पायरीपर्यंत खरी किंमत लपवणं, न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी घुसवणं, ‘फक्त 2 शिल्लक’ म्हणत खोटी घाई लावणं, हे सगळं त्यात आहे. टिकमार्क आधीच लावलेल्या चौकटी तुम्ही कधी काढल्या असतील तर हा प्रकार तुमच्या परिचयाचाच आहे.

याउलट कागदावरची यादी. ती दुपारी डबे उघडून, हिंग किती उरलाय ते बघून केलेली असते. एका बैठकीत महिन्याचा अंदाज येतो. दहा मिनिटांत काहीही मिळतं म्हटल्यावर यादीच होत नाही. आज जिरं, उद्या पोहे, परवा पुन्हा जिरंच, कारण आधीचं मागवल्याचं घरातल्या दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. एकाच घरात तिघांच्या मोबाइलवर तीन ॲप्स असली की डब्यांची मोजदाद कुणाकडेच राहत नाही.

वेळ आणि पेट्रोल वाचतं

हा मुद्दा खरा. रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या माणसाने सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहावं असं मी सांगणार नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी-आजोबांना तेलाचा पाच लिटरचा कॅन दारात मिळणं ही चैन नाही, गरज आहे. न्यू जर्सीत बसलेला मुलगा पुण्यातल्या आईसाठी सामान मागवू शकतो, हीदेखील मोठीच सोय.

फक्त एक बारीकशी चूक दुरुस्त करते. घरपोच सामान हा ॲपचा शोध नव्हे. वाण्याला फोनवर यादी सांगायची किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, की संध्याकाळी दुकानातला पोरगा पिशव्या आणून देतो, बहुतेक ठिकाणी फुकट. पैसे ‘मांडून ठेवा’ म्हटलं तरी चालतं. आणि एकत्र आगाऊ मागणी नोंदवून माल स्वस्तात आणायची कल्पना तर मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून राबवतेय. सभासदांचे गट महिन्याची यादी आधी भरून देतात, पंचायत घाऊक खरेदी करते, माल गटाकडे येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. स्वस्त आणि घरबसल्या हेच ज्यांना हवंय त्यांनी ॲपची तुलना एकदा याच्याशी करावी. यात अडचण एकच: महिनाभर आधी विचार करावा लागतो.

भाजी थेट शेतातून, म्हणून ताजी

‘थेट’ म्हणजे किती थेट? शेतकऱ्याकडून माल संकलन केंद्रावर, तिथून शहराबाहेरच्या गोदामात निवडायला आणि पॅकिंगला, तिथून तुमच्या भागातल्या डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठी चालणाऱ्या छोट्या गोदामात, आणि तिथून तुमच्या दारी. हातगाडीवाला पहाटे मार्केट यार्डातून किंवा वाशीच्या बाजारातून माल उचलतो आणि तो संध्याकाळपर्यंत खपवायच्या मागे असतो, कारण त्याच्याकडे शीतगृह नाही. यातलं ताजं कोणतं हे रोज वेगळं निघू शकतं. ॲपचंच ताजं, हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचं? दूध, पनीर, आइस्क्रीम यांत मात्र मी ॲपच्या बाजूची. रात्री वीज वाचवायला फ्रीज बंद करून जाणारे दुकानदार मी पाहिलेत.

तरी डार्क स्टोअर म्हणजे प्रयोगशाळा असंही समजू नका. तिथे ग्राहक पाऊल टाकत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. जून 2025 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशाच एका स्टोअरचा परवाना निलंबित केला. तपासणीत बुरशी, तापमान न राखलेली शीतगृहं आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा न ठेवणं, असं सगळं सापडलं होतं. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन खाद्यविक्रेत्यांना बजावलं होतं की माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याची किमान 30 टक्के किंवा 45 दिवसांची मुदत शिल्लक असली पाहिजे. तसं सांगायची वेळ आली यातच काय ते आलं. दुकानात पाकीट उलटं करून तारीख बघता येते, मागच्या रांगेतलं नवीन ओढून घेता येतं. स्क्रीनवरचा फोटो सगळ्यांना एकच.

धान्याचा प्रकार तर याहून पुढचा. तांदूळ नवा की जुना, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं असतं? पॅकिंगचा महिना असतो, पीक कोणत्या हंगामाचं ते नसतं. नवा इंद्रायणी गोळा होतो, जुना कोलम मोकळा शिजतो. भुसार दुकानातला माणूस मूठभर तांदूळ पालथ्या हातावर पसरतो, कणी किती ते दाखवतो आणि आपणहून सांगतो, “ताई, हा यंदाचा आहे, पाणी कमी घाला.” शेंगदाणे घेताना एक दाणा तोंडात टाकायचा, खवट लागला तर पुढचं पोतं. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरणारी घरं आधी पाच किलो दळून, पोळ्या लाटून बघतात आणि मग क्विंटलचा शब्द देतात. लोकवन की सिहोर हा वाद पोळी खाल्ल्यावर मिटतो. इतकं करून घेतलेला गहू वर्षभर पुरतो, आणि त्याचा किलोमागचा भाव पाच-पाच किलोच्या पिशव्यांशी ताडून बघा, कुठल्याही ॲपवरच्या.

वजनात फसवणूक नाही

काटा मारणारे दुकानदार आहेत. पण इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तो तुमच्या समोर असतो. ॲपवर कोबी ‘1 नग, 400 ते 600 ग्रॅम’ असा मिळतो. भाव एकच, 400 चा आला काय आणि 600 चा आला काय. मंडईत कुणी असं सांगितलं तर आपण भांडू.

खराब निघालं तर पैसे परत

हा दुसरा खरा मुद्दा. पिशवीच्या तळाला पिचका टोमॅटो निघाला, फोटो टाकला, दोन मिनिटांत पैसे जमा. वाण्याशी अशी हुज्जत घालायला अनेकांना संकोच वाटतो. फक्त पैसे कुठे जमा झाले तेही बघा. पुष्कळदा ते त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये जातात, म्हणजे पुढची खरेदीही तिथेच. खात्यात परत हवेत असं निवडावं लागतं, आणि तो पर्याय सहसा खालचा असतो. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तो दुकान आणि ॲप दोघांनाही लागू.

मुदतीचाही प्रश्न आहे. ॲपवर तक्रारीची खिडकी लवकर बंद होते. टोमॅटोला ते पुरतं, डाळीला नाही. डाळ शिजत नाही हे कळतं ती कुकरमध्ये चढवल्यावर, आणि ते पाकीट उघडायला कधी महिना लागतो. तोवर ॲपवरच्या ऑर्डरसमोर ‘रिटर्न विंडो क्लोज्ड’ आलेलं असतं. ओळखीचा दुकानदार उरलेली डाळ काट्यावर ठेवतो, तेवढ्या वजनाची दुसरी देतो आणि त्या पोत्याचा माल कुणाकडून आला होता ते वहीत बघतो.